ढगांचे फराटे तुटक येतात, आभाळ पांढरं पडतं: एकाच चुकीची दोन रूपं

ट्रायपॉड लावायचा, दर ५ सेकंदांनी एक असे ३०० फोटो काढायचे, घरी ते एकावर एक रचायचे आणि ब्लेंड मोड, म्हणजे थर एकमेकांत मिसळायची पद्धत, ‘लाइटन’ करायचा. ढगांचे फराटे ओढलेल्या फोटोची कृती बहुतेक ठिकाणी अशीच सांगितलेली असते. खानदेशातल्या पावसाळी आभाळावर ती जशीच्या तशी वापरली की दोन गोष्टी हमखास होतात. ढगांच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या पडतात आणि वरचं निम्मं आभाळ चुना फासल्यासारखं पांढरं होतं. मग कोणी सांगतं फोटो कमी पडले, कोणी सांगतं जास्त झाले. दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

५ सेकंद आणि ३०० फोटो हा आकडा मुळात टाइमलॅप्स व्हिडिओचा आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या की ३०० फोटोंची १२ सेकंदांची फिल्म होते, म्हणून तो रूढ झाला. फराट्यांना मात्र दोन फोटोंमधला वेळ त्याहून कमी लागतो आणि एकूण वेळ तर कितीतरी कमी. पहिला जास्त झाला की पायऱ्या, दुसरा जास्त झाला की चुना.

मोड नेमकं काय करतो

‘लाइटन’ प्रत्येक जागी सगळ्या फोटोंमधला सर्वांत उजळ पिक्सेल ठेवतो. सरासरी काढत नाही, त्यामुळे काही विसरतही नाही. निळ्या आभाळावरून पांढरा ढग सरकला की तो जिथे जिथे होता तिथला पांढरेपणा तसाच उरतो, त्यालाच आपण फराटा म्हणतो. पण २९९ फोटोंत एखादी जागा निळी असली आणि एकाच फोटोत तिथून बगळा गेला, तरी जिंकतो बगळाच. खालच्या प्रत्येक बिघाडात प्रश्न एकच विचारायचा: इथे कोणत्या फोटोचा पिक्सेल जिंकला, आणि कशामुळे?

पायऱ्या आणि चुना: आकडे मांडून बघू

फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स, फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. पावसाळी ढगाचा तळ जमिनीपासून १ किमीवर आणि तो सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी वेगाने आडवा चाललाय असं धरा. क्षितिजापासून २० अंश वर दिसणारा असा ढग तुमच्यापासून तिरकस मोजला तर सुमारे २.९ किमीवर असतो. फोटोत तो सेकंदाला साधारण १४ पिक्सेल सरकतो. ४५ अंशांवर हाच वेग दुप्पट, २८ पिक्सेल. डोक्यावर ४०.

दर ५ सेकंदांनी फोटो काढला तर प्रत्येक पायरी ७० पिक्सेलची. कापसाच्या बोंडासारखी ठसठशीत कड असलेल्या ढगात ती लपत नाही. आणि ३०० फोटोंना लागतात २५ मिनिटं. तेवढ्यात हा ढग २१,००० पिक्सेल सरकतो, म्हणजे अख्ख्या फ्रेमच्या साडेतीन पट. त्याच्यामागचे, त्याच्याही मागचे ढग त्याच वाटेने येऊन गेले. आभाळाची एकही जागा अशी उरली नाही जिथे कधीच ढग नव्हता. पांढरं होणारच.

याउलट ९ किमी उंचीवरचा पिंजलेल्या कापसासारखा पातळ ढग सेकंदाला २५ मीटरने धावत असला, तरी २० अंशांवर फोटोत सेकंदाला ४ पिक्सेलसुद्धा सरकत नाही. त्याच्या कडाही विरलेल्या असतात. त्याला ५ सेकंद चालतात. परदेशातले सुंदर नमुने बघून तोच आकडा उचलला आणि फसलं, त्याचं कारण बहुधा ढगाच्या उंचीत असतं.

तोरणमाळला हा फरक आणखी जाणवतो. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. शहाद्याच्या मैदानातून उंच वाटणारा ढग तिथे डोक्याला लागतो, आणि ढग जितका जवळ तितका त्याचा फोटोतला वेग जास्त. मैदानात जमलेला इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ, तिथे चालत नाही.

इंटरव्हल जागेवर कसा ठरवायचा

ढगाची उंची आणि वेग कोणाला माहीत असतो? त्यासाठी कॅमेऱ्याच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये तीन भागांची ग्रीड चालू करा. एखाद्या ढगाची ठळक कड एका उभ्या रेषेवर आली की घड्याळ सुरू करा आणि ती पुढच्या उभ्या रेषेवर पोचली की थांबवा. मधलं घर २००० पिक्सेलचं आहे. लागलेल्या सेकंदांना १०० ने भागा: तो तुमचा इंटरव्हल. वरच्या उदाहरणातल्या ढगाला एक घर ओलांडायला १४३ सेकंद लागतील, इंटरव्हल १.४ सेकंद. पायरी २० पिक्सेलची, मोठ्या प्रिंटवरही फारशी जाणवणार नाही. फोटो फक्त व्हॉट्सअॅपवर किंवा मोबाइलच्या पडद्यावरच बघितला जाणार असेल तर १०० ऐवजी ३५ ने भागलंत तरी भागतं, कारण ६००० पिक्सेलचा फोटो तिथे हजार-बाराशेवर आलेला असतो.

यातून आणखी एक सोपी गोष्ट हाती लागते. एका घराएवढा लांब फराटा हवा असेल तर फोटो १०० च लागतात, ढग धावरा असो की आळशी.

फराटा किती लांब ठेवायचा, ते ढगांमधल्या मोकळ्या जागेवरून ठरवा. पहिल्या फोटोत ढगाच्या पुढे, त्याच्या वाटेवरच्या पुढच्या ढगापर्यंत किती निळं दिसतं ते बघा. अर्धं घर मोकळं असेल तर ५० फोटोंच्या पुढे जाऊ नका. फराटा पुढच्या ढगाला टेकला की आकार हरवतो. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर त्या दिवशी ‘लाइटन’चा नाद सोडलेला बरा. तीस-चाळीस टक्के ढग हे उत्तम आभाळ.

मात्र शूटिंग करताना हात आखडता घेऊ नका. फोटो ३०० काढा, स्टॅक करताना, म्हणजे एकावर एक रचताना, त्यातले सलग ६० निवडा. कोणते ६०, हे घरी मोठ्या पडद्यावर जास्त चांगलं कळतं.

इंटरव्हल बरोबर, तरी मधूनच खाच

इथे कॅमेऱ्याकडे वळायचं. सर्वांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’. ते चालू असेल तर १ सेकंद किंवा त्याहून लांब प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो. २ सेकंदांच्या फोटोला ४ सेकंद लागतात आणि मधला ढग निसटतो. बंद करा.

दुसरं कारण बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी. रॉ फाइल लिहिता लिहिता कॅमेरा दमतो आणि तीस-चाळीस फोटोंनंतर एखादा गाळतो. खाच ठरावीक अंतराने पडत असेल तर हेच समजा. इतक्या जवळच्या इंटरव्हलला उत्तम प्रतीचं जेपेग घ्यावं किंवा वेगवान कार्ड वापरावं. तिसरं, अनेक कॅमेऱ्यांत इंटरव्हल एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. शटर १ सेकंद आणि इंटरव्हलही १ सेकंद दिला की एक आड एक फोटो गळतो.

बहुतेक कॅमेऱ्यांचा आतला टायमर १ सेकंदाच्या खाली जात नाही. डोक्यावरून धावणाऱ्या ढगांना तेवढं पुरत नाही. अशा वेळी टायमर बाजूला ठेवा, कंटिन्युअस मोड लावा आणि केबल रिलीजचं बटण दाबून अडकवून ठेवा. एक फोटो संपताच दुसरा सुरू होतो. याला एनडी फिल्टरची, म्हणजे उजेड अडवणाऱ्या गडद काचेची, जोड दिली की पायऱ्यांचा प्रश्नच मिटतो, कारण शटर उघडं असताना ढग सरकतो आणि पायरी आपोआप भरली जाते. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ (लेन्सचं छिद्र) ८ ला शटर १/४०० च्या आसपास येतो. १० स्टॉपच्या (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे एनडी १००० फिल्टरने तो अडीच सेकंद होतो. दिवस कलल्यावर १/१२५ येत असेल तर ६ स्टॉपचा एनडी ६४ पुरतो, शटर अर्धा सेकंद. एफ १६ करून शटर लांबवायचा मोह टाळा. छिद्र लहान केलं की सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आभाळात काळा ठिपका होऊन दिसतो, आणि आपल्याकडच्या धुळीत सेन्सर स्वच्छ राहतो असं कोणी म्हणू नये.

डीएसएलआर असेल तर लांब शटरच्या वेळी मागची आयपीस झाका. तिथून शिरलेला उजेड फोटोच्या मधोमध धुरकट पट्टा म्हणून उमटतो, आणि ‘लाइटन’ तो जपून ठेवतो.

फोटो आधीच काढले आहेत, पायऱ्या पडल्या आहेत

परत जाणं शक्य नसेल तर तीन उपाय आहेत. पहिला, मधले फोटो तयार करणं. सगळे फोटो दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज सिक्वेन्स म्हणून घ्या, वेग २५ टक्के करा, रीटाइमसाठी ‘ऑप्टिकल फ्लो’ निवडा आणि पुन्हा सुट्या फ्रेम काढून त्या स्टॅक करा. ७० पिक्सेलची पायरी १७-१८ वर येते. ढगाची कड जिथे विस्कटून नवा आकार घेते तिथे थोडी मेणासारखी ओघळ दिसते, पण फराट्यात ती खपून जाते. जमिनीवरची झाडं, तारा मात्र वितळतात. जमीन मूळ फोटोतूनच घ्या.

दुसरा, फराटे आडवे असतील तर फोटोशॉपमध्ये प्रत्येक फोटोला पायरीएवढ्या लांबीचा ‘मोशन ब्लर’ द्या, मग स्टॅक करा. अॅक्शन नोंदवून ठेवली की हे काम यंत्रवत होतं. पंख्यासारख्या पसरणाऱ्या फराट्यांना हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे दर ठिकाणी दिशा वेगळी असते. तिसरा उपाय म्हणजे पायऱ्या मान्य करणं. १० सेकंदांच्या ठळक पायऱ्यांत जाड कुंच्याच्या फटकाऱ्यांची मजा असते, फक्त त्या सगळीकडे सारख्या हव्यात.

स्टारस्टॅक्स हे फोटो स्टॅक करायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातली ‘गॅप फिलिंग’ सोय ताऱ्यांच्या बारीक रेघांसाठी बनवलेली आहे, ढगाच्या पसरट कडेवर तिचा भरवसा धरू नका. त्यातला ‘कॉमेट’ मोड मात्र ढगांना छान चालतो: जुने फोटो हळूहळू फिके होत जातात, फराट्याला एका बाजूने शेपूट येतं आणि चुन्याचा धोकाही कमी होतो. दोन्ही टोकं विरलेली हवी असतील तर पहिल्या आणि शेवटच्या १५ फोटोंचा उजेड क्रमाने उतरवून मग स्टॅक करा. नाहीतर फराटा सुरीने कापल्यासारखा संपतो.

निळं आभाळच फिकं पडतं

ढग नसलेली जागासुद्धा मूळ फोटोपेक्षा उजळ आली तर तीन कारणं तपासा.

पहिलं, उजेड बदलणं. ऑटो एक्स्पोजर किंवा ऑटो व्हाइट बॅलन्स चालू राहिला आणि एखादा फोटो अर्ध्या स्टॉपने उजळ आला, की सगळ्या आभाळभर तो एकटाच जिंकतो. सगळं मॅन्युअल करा, व्हाइट बॅलन्ससुद्धा. मॅन्युअल करूनही फोटो लुकलुकत असतील तर लेन्सचं छिद्र दर वेळी किंचित वेगळं मिटतंय. जुनी, हाताने छिद्र फिरवायची लेन्स असेल तर ती लावा. नसेल तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि जास्तीचा उजेड एनडीने अडवा.

सकाळी आणि संध्याकाळी उजेड स्वतःच बदलतो. सूर्यास्ताच्या वेळी पहिले फोटो उजळ असतात आणि शेवटचे लालभडक फोटो त्यांच्यापुढे हरतात. इतका लाल रंग दिसला होता, स्टॅकमध्ये गेला कुठे, याचं उत्तर हेच. लालीच्या पाच-सहा मिनिटांचाच वेगळा स्टॅक करा, किंवा आधी सगळ्या फोटोंचा उजेड एका पातळीवर आणा.

दुसरं, नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ दाणे. प्रत्येक फोटोत पिक्सेलची किंमत थोडी वरखाली होते आणि ‘लाइटन’ त्यातली वरचीच उचलतो. १०० फोटोंच्या स्टॅकमध्ये निळं आभाळ नॉइजच्या सुमारे अडीच पट वर चढतं. आयएसओ ८०० ला काढलेले फोटो त्यामुळे धुवट दिसतात. आयएसओ १०० ठेवा. तरी वाटलं तर लागोपाठच्या चार-चार फोटोंची सरासरी काढून ते नवे फोटो ‘लाइटन’ करा. नॉइज निम्मा होतो, कडा मऊ होतात, म्हणजे पायऱ्यांनाही उतार पडतो.

तिसरं, मुळातच जास्त एक्स्पोजर. एका फोटोला योग्य असलेला उजेड स्टॅकला जास्तच ठरतो. ढगाचा पांढरा भाग एकदा जळाला की फराट्याच्या आतल्या बारीक धारी जातात आणि नुसता पांढरा पट्टा उरतो. मीटर सांगेल त्यापेक्षा दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. ४४-४५ अंशांत कॅमेरा तापतो, सेन्सरवरचे तापलेले पिक्सेल लाल-निळे ठिपके देतात आणि प्रत्येक फोटोतला नवा ठिपका स्टॅकमध्ये साठत जातो. कॅमेऱ्यावर पांढरं सुती उपरणं टाका, लेन्स आणि बॅटरीचं झाकण मोकळं ठेवून. शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच शटरचे चार-पाच काळे फोटो घ्या. स्टारस्टॅक्समध्ये ते ‘डार्क’ म्हणून देता येतात. मोबाइल असेल तर तो उन्हात तापून मध्येच बंद पडतो. सावलीतूनच काढा.

जांभळी-गुलाबी झाक कुठून आली

फोटोशॉपचा ‘लाइटन’ लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे तोलतो. संध्याकाळी एका फोटोतल्या नारिंगी ढगाचा लाल आणि दुसऱ्या फोटोतल्या मोकळ्या आभाळाचा निळा एकाच जागी येतात आणि प्रत्यक्षात कधीच नसलेला जांभळा तयार होतो. कोणाला तो आवडतो. नको असेल तर ‘लायटर कलर’ हा मोड वापरा. तो पिक्सेल अख्खा उचलतो, रंग फोडत नाही. कडा मात्र किंचित करकरीत होतात.

जमीन दुहेरी दिसते, पिकं धुरकट होतात

आपल्याकडे ट्रायपॉड हलण्याचं मोठं कारण वाऱ्याआधी काळी माती आहे. पावसाळ्यात वावरात उभा केलेला ट्रायपॉड वीस मिनिटांत हळूहळू खचतो, तोही एकाच पायावर. कॅमेरा दोन-तीन मिलीमीटर कलला तरी क्षितिजाची रेघ दुहेरी होते. पायांखाली फरशीचे तुकडे किंवा वीतभर लांबीच्या फळ्या ठेवा, मधल्या हुकाला पिशवी टांगा पण ती जमिनीला टेकलेली असू द्या, झोके खाणारी पिशवी उलट हलवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा.

फोटो सरकलेच असतील तर फोटोशॉपच्या ‘ऑटो अलाइन’वर सोपवू नका. तो ढगांना खुणा समजतो आणि त्यांच्यामागे सगळा फोटो ओढतो. ह्यूगिन या फोटो जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवरच्या ठिकाणांना, म्हणजे मंदिराचा कळस, विजेचा खांब, डोंगराची धार यांना कंट्रोल पॉइंट देऊन जुळवा.

केळीच्या बागा आणि कपाशी ही दुसरी डोकेदुखी. रावेर-यावलकडे पुढच्या भागात केळी घेतली की तिची पानं वाऱ्यावर फडफडतात, दर फोटोत चमकणारी बाजू वेगळी, आणि ‘लाइटन’ सगळ्या चमका गोळा करून पानांचा पांढुरका गोळा करतो. यावर शूटिंगच्या वेळी इलाज नाही. वारा पडलेला असतानाचा एक फोटो निवडा आणि आभाळ स्टॅकमधून, जमीन त्या एका फोटोतून असा मास्क करा, म्हणजे नको तो भाग झाका. जवळजवळ प्रत्येक फोटोला हे करावंच लागतं, म्हणून सुरुवातीलाच क्षितिज सोपं निवडा. सातपुड्याची धार मास्कला सोपी, निंबाचा शेंडा अवघड.

पाण्याचंही तसंच. हतनूरच्या जलाशयावर किंवा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर लाटांवरची प्रत्येक चकाकी साठते आणि पाण्यावर मिठाचा थर बसल्यासारखा दिसतो. पाण्यापुरता स्टॅक ‘मीन’ म्हणजे सरासरीने करा. लाटा विरघळतात, प्रतिबिंब गुळगुळीत येतं आणि वरच्या फराट्यांना ते शोभतं.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या घेतल्या तर पाती फिरून फिरून पांढरी थाळी होते. लळिंगच्या पायथ्याचा महामार्ग फ्रेममध्ये असेल तर दिवेलागणीनंतर हेडलाइटच्या रेघा येतात. त्या ठेवायच्या की काढायच्या ही आवड. नांगरटीच्या मागे फिरणारे बगळे, विमानं, मकर संक्रांतीला पतंग हे सगळे ठिपक्यांच्या माळा होऊन बसतात.

अशा वेळी नको असलेला फोटो शोधण्यासाठी ३०० फोटो एकेक करून तपासू नका. निम्मे-निम्मे करून दोन स्टॅक करा, डाग ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग. एकाच फोटोतला डाग असेल तर २५६ फोटोंतून तो आठ फेऱ्यांत सापडतो. ‘लाइटन’मध्ये भाग पाडून केलेलं आणि एकदम केलेलं उत्तर सारखंच येतं, कारण सर्वांत उजळ तो सर्वांत उजळच. मेमरी कमी असलेल्या कॉम्प्युटरवरही हाच मार्ग. २४ मेगापिक्सेलचा १६ बिटचा एक लेयर १४४ एमबीचा असतो, ३०० लेयर म्हणजे ४० जीबीच्या वर. फोटोशॉप तिथेच मान टाकतं. पन्नास-पन्नासचे सहा स्टॅक करून ते पुन्हा एकत्र करा. सरासरीला हे तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक गटात फोटो सारखे असतील.

सूर्य फ्रेममध्ये आला

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी स्वतःच्या व्यासाएवढा. वीस मिनिटांच्या स्टॅकमध्ये तो पांढरा दांडा होतो. मंदिराच्या शिखरामागे किंवा झाडामागे लपवा, किंवा फ्रेमच्या बाहेर ठेवा.

फराटे एकमेकांना छेदून जाळी होते

हा बिघाड खास पावसाळ्याचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. जून ते सप्टेंबर खालचे ढग नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, पण चौदा-पंधरा किमी उंचीवर त्याच वेळी पूर्वेकडून जोराचा प्रवाह वाहत असतो. मधल्या फटीतून वरचे पातळ ढग दिसले की ते उलट दिशेने जाताना टिपले जातात आणि दोन दिशांचे फराटे एकमेकांत अडकतात. वरचा थर मंद सरकतो, त्यामुळे एकूण वेळ दीड-दोन मिनिटांवर आणला की त्याचा फराटा उमटायच्या आत खालचा पूर्ण होतो. वरचाच हवा असेल तर खालचे ढग हटेपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

फराटे पंख्यासारखे येत नाहीत, नुसते आडवे येतात

समांतर चालणारे ढग दृश्यात एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात, आणि तो बिंदू वारा येतो किंवा जातो त्या दिशेच्या क्षितिजावर असतो. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला असल्याने यावलहून त्याच्याकडे, म्हणजे उत्तरेला तोंड केलं की पावसाळी ढग डावीकडून उजवीकडे जातात आणि पट्टे आडवेच येणार. पंखा हवा असेल तर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहा. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून प्रकाशा-सारंगखेड्याकडे काठावरून पश्चिमेला बघितलं की नदी आणि फराटे एकाच दिशेला निमुळते होत जातात. आडवे फराटे टाकाऊ असतात असं नाही. संध्याकाळी उत्तरेकडचं आभाळ सूर्यापासून ९० अंशांवर असल्याने पोलरायझर फिल्टरने ते खोल निळं होतं आणि पट्टे उठून दिसतात. २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर मात्र पोलरायझर आभाळाच्या मधोमध गडद डाग पाडतो, तिथे काढून ठेवा.

ढग आहेत, तरी फराटेच उमटत नाहीत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास धुळीने आभाळ इतकं पांढुरकं असतं की ढग आणि आभाळ यांत फरकच नसतो. जिंकायला उजळ काही नाही, म्हणून स्टॅक सपाट येतो. त्या दिवसांत दुपारनंतर वळवाचे उंच ढग चढतात तेच कामाचे. भर आषाढात उलट होतं: मागचं आभाळ उजळ राखाडी आणि पुढचे ढग काळे. तिथे ‘डार्कन’ लावा. तो सर्वांत गडद पिक्सेल ठेवतो आणि काळ्या ढगांचे फराटे ओढतो. पक्षी आणि पतंगही काळे ठिपके होऊन येतील, तेवढं लक्षात ठेवा. एकाच स्टॅकमध्ये दोन्ही मोड मिसळायचे तर आधी दोन वेगळे स्टॅक करा आणि आभाळाच्या वेगवेगळ्या भागांना मास्कने लावा.

पोळ्यानंतर ऑक्टोबरपर्यंतचे दिवस सर्वांत सोपे. पावसाने हवा धुतलेली असते, दुपारी ११ ते ३ च्या दरम्यान कापसाच्या पुंजक्यांसारखे सुटे ढग येतात, मध्ये भरपूर निळं. त्या ढगांचा आकारही मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून इंटरव्हल १ ते २ सेकंद आणि फोटो ६० ते ८० यांपासून सुरुवात करा, आणि ग्रीडचं घर ओलांडायला लागणारे सेकंद दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ऊन चढतं तसा वाराही बदलतो.